आधीच गेलेला व्हॉल्व्ह

व्हॉल्व्ह पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा तो इतका हलका असेल असं मला वाटलं नव्हतं. बोटभर उंचीची काचेची कुपी, आत पत्र्याचे बारीक खांब, खाली सुईसारखे नऊ पाय. मी दोन्ही हातांची ओंजळ करून तो धरला. दुकानातले म्हातारे काका हसले. "अरे, चिमणीचं पिल्लू नाही ते. धर नीट."

दुकान डहाणूच्या बाजारात होतं. पुढच्या भागात त्यांचा मुलगा मोबाइल विकायचा आणि दुरुस्त करायचा. मागे, पडद्याच्या आत, काकांचं टेबल होतं. त्यावर सोल्डरिंगची गन, काट्याचा जुना मीटर आणि उघडी करून ठेवलेली रेडिओची खोकी. रेडिओ दुरुस्तीला आता फारसं कुणी येत नव्हतं. तरी काका रोज सकाळी आगरच्या बाजूच्या आपल्या वाडीतून रिक्षाने यायचे, टेबलाशी बसायचे आणि दुपारी जेवायला घरी जायचे. वय अठ्ठ्याहत्तर. आमच्या तलासरीकडची माणसं त्यांना शेठ म्हणायची, कारण त्यांची चिकूची वाडी होती आणि आमच्या पाड्यातल्या बायका तिथे चिकू काढायला जायच्या. माझी आईही दोन हंगाम गेली होती. हे मी काकांना कधी सांगितलं नाही. मी पहिल्या दिवशी त्यांना शेठ म्हणालो, तेव्हा ते म्हणाले, "शेठ वाडीत. इथे काका म्हण."

मी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला होतो, विषय फिजिक्स. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. शेवटच्या वर्षाला प्रत्येकाने एक प्रोजेक्ट करायचा असतो. बाहेरून परीक्षक येतात, प्रश्न विचारतात, मार्क देतात. बहुतेक मुलं पाण्याच्या टाकीचा अलार्म नाहीतर आपोआप लागणारा दिवा करतात. माझ्या वर्गातला एक मित्र गिटार वाजवायचा. त्यानेच मला म्हटलं, "भाई, मला एक ओव्हरड्राइव्ह पेडल बनवून दे ना. ट्यूबवालं. विकत घ्यायचं तर माझा बाप मला विकेल."

पेडल म्हणजे पायाशी ठेवायचा एक डबा. गिटारची वायर त्यात जाते, त्यातून स्पीकरकडे जाते. पायाने बटण दाबलं की गिटारचा स्वच्छ आवाज जरा चिरकतो, जाड होतो, कडेला फाटतो. आम्हाला वर्गात शिकवलं होतं की आवाज फाटणं हा दोष आहे. इथे तो दोषच मुद्दाम घडवायचा होता. हे मला फार आवडलं. इंटरनेटवर वाचलं की जुन्या रेडिओतल्या ट्यूबला खरं तर दोन-अडीचशे व्होल्ट लागतात, पण काही हौशी लोक ती फक्त बारा व्होल्टवर चालवतात. पुरेसा दाब मिळत नाही म्हणून ती लवकर फाटते, आणि तोच आवाज गिटारवाल्यांना हवा असतो. बारा व्होल्ट म्हणजे शॉकची भीतीही नाही. वसतिगृहाच्या खोलीत करता येण्यासारखं काम होतं.

फक्त ट्यूब कुठे मिळेल ते माहीत नव्हतं. चौकशी करत करत मी त्या पडद्यामागे पोचलो.

"ट्यूब छताला असते," काका म्हणाले. "याला व्हॉल्व्ह म्हणायचं. आणि बारा व्होल्टवर? उपाशी बैल नांगराला जुंपतोस तू."

"हो काका."

"हो काय? चालेल का तो?"

"चालेल असं लिहिलंय."

"कुणी लिहिलंय?"

ते पुन्हा हसले आणि टेबलाखालून पत्र्याचा डबा काढला. वर्तमानपत्राच्या तुकड्यांत गुंडाळलेले कितीतरी व्हॉल्व्ह. एकेक पुडी उघडून ते काचेवरचा पुसट आकडा उजेडाकडे धरून वाचत होते. मला हवे तसले दोनच निघाले. पूर्वी लग्नात भोंगे लावायचे, त्यांच्या मशीनमधले. त्यातला एक त्यांनी टेबलावरच्या सॉकेटमध्ये बसवला, सप्लाय जोडला आणि थांबले. थोड्या वेळाने काचेच्या तळाशी नारिंगी ठिणगीसारखं काहीतरी दिसू लागलं. काकांनी नखाने काचेवर टिचकी मारली. "हा घे. ताजा आहे."

मग त्यांनी मला समजावलं. याच्या पोटात दोन वाती असतात. वाती तापल्या की व्हॉल्व्ह जागा होतो. सहा व्होल्ट द्यायचे असतील तर वाती एका पद्धतीने जोडायच्या, बारा द्यायचे असतील तर दुसऱ्या. खिळ्याने टेबलाच्या फळीवर रेघा ओढून त्यांनी दोन्ही पद्धती काढल्या. बोलताना ते मध्येच गुजरातीत जायचे, मध्येच जुने इंग्रजी शब्द वापरायचे. मी फळीकडे बघत होतो. खरं सांगायचं तर मी त्यांच्या बोटांकडे बघत होतो, कारण त्या वयातही ती जराही थरथरत नव्हती.

"समजलं?"

"हो काका."

समजलं नव्हतं. पहिलीपासून मला कुणी समजलं का विचारलं की मी हो म्हणत आलो आहे. आमच्या आश्रमशाळेत नाही म्हणणाऱ्याला उभं करायचे. कॉलेजात कुणी उभं करत नव्हतं, पण सवय गेली नव्हती.

मी निघालो तेव्हा मुलगा पुढच्या काउंटरवरून म्हणाला, "बाबा, गन बंद केली का? परवा चालू ठेवून गेलात. आणि त्या पारसी बाईंना दुसऱ्याचाच रेडिओ दिलात." तो हसत बोलत होता, पण पुढे म्हणाला, "आता अजून एक घोटाळा झाला ना, की टेबल उचलणार बघा. मला इथे शोकेस लावायचीय."

"लाव, लाव," काका आतून म्हणाले. "मला शोकेसमध्ये बसव."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी वसतिगृहात शांतता होती. मित्राच्या वडिलांकडून सीसीटीव्हीचा बारा व्होल्टचा जुना अॅडॅप्टर मिळाला होता. मी खिडकीशी बसून सॉकेटला वायरी लावल्या. काकांच्या फळीवरच्या रेघा आठवेनात, म्हणून मोबाइलवर एक आकृती शोधली आणि तशाच्या तशा वाती जोडल्या. ती आकृती सहा व्होल्टची होती. वर कोपऱ्यात तसं लिहिलेलंही होतं. मी ते वाचलं नाही असं नाही. वाचलं, पण त्याचा अर्थ काय हे कुणाला तरी विचारायला हवं, हे मनात आलं आणि मी ते बाजूला सारलं. पुन्हा काकांकडे जाऊन 'कळलं नव्हतं' म्हणायची मला लाज वाटली.

बटण दाबलं. व्हॉल्व्ह पेटला. आणि किती छान पेटला! काकांच्या टेबलावर तळाशी फक्त ठिणगी दिसली होती, इथे सगळी काच उजळली. पिवळा, मग जवळजवळ पांढरा उजेड. मी खुशीत येऊन खोलीतल्या मुलाला हाक मारली, "ये, बघ, बघ." तो खाटेवरून उठून येईपर्यंत दहा-बारा सेकंद गेले असतील. तो आला तेव्हा बघायला काही उरलं नव्हतं. काच होती तशीच होती, आत अंधार.

"काय बघू?" त्याने विचारलं.

मला लगेच कळलं. पुन्हा आकृती बघितली, कोपऱ्यातला आकडा बघितला, आणि काकांनी फळीवर काढलेल्या दोन्ही पद्धती आता अगदी स्वच्छ आठवल्या.

सोमवारी कॉलेज सुटल्यावर मी दुकानात गेलो. वाटेत ठरवलं होतं की सरळ सांगायचं. काका, माझ्याकडून जळला. तीन शब्द. पडदा बाजूला केला तेव्हा काकांनी मान वर केली आणि इतक्या उत्सुकतेने विचारलं, "काय इंजिनिअर, पेटला का?"

आणि मी म्हणालो, "नाही काका. आधीपासूनच गेलेला असावा."

हे वाक्य मी त्या दिवशी शोधून काढलं नव्हतं. मी सहा-सात वर्षांचा असताना आईबरोबर वाडीत गेलो होतो आणि चिकू काढायच्या जाळीच्या काठीवर बसून तिचं कडं मोडलं होतं. मुकादम येताना दिसला तशी आईने माझ्या दंडाला चिमटा काढला आणि हळूच म्हणाली, "आधीच मोडेल व्हती म्हण." मी म्हटलं, आणि मुकादम पुढे गेला. दुसऱ्याच्या वाडीत काम करणाऱ्या माणसाला हे वाक्य लागतंच. आमच्याकडे त्याला कुणी खोटं समजत नाही. आईला मी दोष देत नाही. तिच्यावर काठी भरून द्यायची वेळ आली असती. माझ्यावर काय आलं असतं? काका फार तर गाढव म्हणाले असते.

काकांनी व्हॉल्व्ह माझ्या हातातून घेतला, मीटरच्या दोन सुया पायांना टेकवल्या. काटा हलला नाही. त्यांनी दुसऱ्या पायांना लावून बघितलं. काटा हलला नाही.

"पण मी पेटवून बघितला होता," ते म्हणाले.

मी मीटरच्या काट्याकडे बघत होतो.

"तुझ्यासमोरच पेटवला ना? तू इथेच उभा होतास."

पुढच्या काउंटरवर मुलाचं बोलणं थांबलं होतं. तो ऐकतोय हे मला कळत होतं. अजूनही सांगता आलं असतं. पण एकदा 'आधीपासून' म्हटल्यावर मागे फिरायचं म्हणजे दोन गोष्टी कबूल कराव्या लागणार होत्या, जाळल्याची आणि खोटं बोलल्याची. मी म्हणालो, "तो दुसरा असेल, काका. दोन होते ना. पेटवलेला तुम्ही बाजूला ठेवलात आणि मला हा दिलात."

काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेत संशय नव्हता. संशय असता तर बरं झालं असतं. कपाट उघडल्यावर आपण काय घ्यायला आलो होतो ते विसरलेला माणूस जसा उभा राहतो, तसे ते बसून होते.

"बघा बाबा," मुलगा पुढून म्हणाला. एवढंच. ओरडला नाही, हसलाही नाही.

काकांनी डब्यातून दुसरा व्हॉल्व्ह काढला. सॉकेटमध्ये बसवला, पेटवला. मग बंद करून पुन्हा पेटवला. तिसऱ्यांदा पेटवला आणि मला म्हणाले, "तूच बघ. पेटलाय ना?"

"पेटलाय."

"तूच काढून घे. माझ्या हातून नको."

मी तो काढला. गरम होता, बोटं भाजली. या वेळी मी वाती कशा जोडायच्या ते पुन्हा विचारलं, नीट विचारलं, आणि त्यांनी नीट सांगितलं. वहीत आकृती काढून घेतली. निघताना ते फळीकडे बघत होते. खिळ्याच्या रेघा अजून होत्या.

पुढचे दोन आठवडे मी पेडलवर काम केलं. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला भोकं पाडली, व्हॉल्व्ह आडवा बसवला, पायाचं बटण, आवाज कमी-जास्त करायची दोन बटणं. पहिल्यांदा जोडलं तेव्हा नुसती घरघर आली. मग एक वायर लांब पडत होती ती आखूड केली, डब्याला अर्थिंग दिलं, आणि घरघर गेली. मित्राने गिटारची एकच तार छेडली. आवाज आधी गोल आला, मग हळूच कडेने विरला, जाड कापड फाटत जावं तसा.

"भाई!" मित्र म्हणाला. त्याने अजून जोरात छेडली. "भाई, हे तू बनवलंस?"

मी हो म्हणालो. खोटं नव्हतं. पण मला ते पहिल्यांदा ऐकवायचं होतं काकांना. व्हॉल्व्हचं त्यांनी काही घेतलं नव्हतं, फक्त म्हणाले होते, झालं की ऐकव. आणि मनात असंही होतं की पेडल वाजलेलं ऐकून ते खूश होतील आणि पहिल्या व्हॉल्व्हचं विसरून जातील.

दुकानात गेलो तर पडदा नव्हता. टेबलाच्या जागी काचेची शोकेस, आत मोबाइलची कव्हरं टांगलेली.

"बाबा आता घरीच," मुलगा म्हणाला. "मी काही बोललो नाही बरं का. त्यांनीच सांगितलं, उचल. म्हणाले, हातात धरतो एक आणि देतो दुसरंच. उद्या कुणाच्या रेडिओत काहीतरी चुकीचं जोडीन आणि आग लागेल." त्याने शोकेसची काच पुसली. "एका परीने बरं झालं. मला रोज धाकधूक असायची. पण माणूस एकदम बसल्यासारखा झालाय रे. जेवतानाही बोलत नाही."

"आणि सामान?"

"थोडं घरी नेलं. बाकी भंगारवाल्याला."

त्या रविवारी मी आगरच्या बाजूला, त्यांच्या वाडीत गेलो. पेडल पिशवीतच होतं, कारण तिथून पुढे मित्राच्या घरी सराव करायला जायचं होतं. बुधवारी परीक्षक येणार होते. ओटीवर काका खुर्चीत बसले होते. समोर चिकूंचा ढीग आणि तीन क्रेट. मोठे एकात, मधले एकात, बारीक एकात. ते न बघता निवडत होते. मुलगा घरी होता, सूनबाई दारात होत्या. मी चपला काढल्या आणि उभ्या उभ्याच बोलून टाकलं.

"काका, तुम्ही दिलेला पहिला व्हॉल्व्ह चांगला होता. माझ्याकडून जळला. मी बारा व्होल्ट चुकीचे जोडले. तुम्ही पेटवला तोच मला दिला होतात."

मग मुलगा उठून आला आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चांगला आहेस रे तू. मी तुला सांगितलं ना बाबा गप्प असतात, म्हणून आलास."

"नाही, खरंच—"

"कळलं मला." आणि दाराकडे बघून म्हणाला, "अगं, चहा टाक. बघ, तलासरीचा पोरगा आहे, पण मन बघ किती मोठं."

मला 'पण' ऐकू आला. तरी त्या क्षणी तो टोचला नाही, कारण टोचून घेण्याचाही मला हक्क नव्हता. मी काकांकडे बघितलं. म्हटलं, काका तरी ओळखतील. त्यांनी हातातला चिकू क्रेटमध्ये ठेवला.

"बस," ते म्हणाले. "चहा घे. पण असं खोटं बोलू नको. मला गोड वाटावं म्हणून बोलू नको. माझी चूक माझ्यापाशी राहू दे."

"काका, मी खोटं बोलत नाहीये."

"मीटर मी लावला होता. काटा हलला नाही."

"तो माझ्याकडे आल्यावर जळला."

"कोण सांगणार आता?" ते म्हणाले. "मेलेल्या व्हॉल्व्हवर केव्हा मेला ते लिहिलेलं नसतं."

माझी पिशवी पायाशी होती. पिशवीत पेडल, पेडलमध्ये त्यांचाच दुसरा व्हॉल्व्ह, आणि अॅडॅप्टर. दाखवायला दोन वायरी आणि दहा सेकंद पुरे होते. चुकीच्या पद्धतीने जोडला की आधी कसा लख्ख पांढरा पेटतो आणि मग कसा जातो, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं असतं. चांगल्या व्हॉल्व्हचं असंच होतं हे त्यांच्याइतकं कुणाला कळलं असतं? हे सगळं मला तेव्हाच सुचलं. नंतर सुचलं असं मी सांगू शकतो, पण तसं नव्हतं. चहाचा कप हातात होता आणि मी पिशवीकडे बघत होतो. बुधवारी परीक्षक येणार होते. तसा तिसरा व्हॉल्व्ह नव्हता.

मी चहा प्यायलो. सूनबाईंनी पिशवीभर चिकू दिले. ते मी पेडलच्या वर ठेवले आणि निघालो.

बुधवारी परीक्षकांना पेडल आवडलं. मित्राने वाजवून दाखवलं. बाजूच्या लॅबमधून मुलं दाराशी गोळा झाली. परीक्षकांनी वाकून डब्यातला तो नारिंगी ठिपका बघितला आणि विचारलं, "व्हॉल्व्ह कुठून मिळवलास आजकाल?"

"बाजारात एक दुकान होतं, सर."

"होतं म्हणजे?"

"आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात."

ते हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला. आमच्या कॉलेजच्या सरांनीही पाठ थोपटली, आणि मार्क चांगले मिळाल्याचं त्याच दिवशी कानावर घातलं.

पुढच्या रविवारी मी पुन्हा वाडीत गेलो. मित्राला सांगितलं होतं की पेडल आता मिळणार नाही. तो दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. वसतिगृहात मी एक सुटं सॉकेट घेऊन त्याला वायरी लावून ठेवल्या होत्या, पहिला व्हॉल्व्ह जळला त्या रविवारी लावल्या होत्या अगदी तशाच.

काका ओटीवर एकटेच होते. मुलगा दुकानात गेला होता. मी म्हणालो, "काका, मी बोलत नाही. दाखवतो. तुम्ही फक्त बघा."

त्यांनी नको म्हटलं नाही. मी पेडल उघडलं, व्हॉल्व्ह काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी काचेवरचा आकडा वाचला. मी तो परत घेतला, सुट्या सॉकेटमध्ये बसवला आणि ओटीवरच्या बोर्डात अॅडॅप्टर लावला. काका पुढे वाकले होते. वायरी कोणत्या पायांना गेल्या आहेत ते बघत होते. बघता बघता त्यांचा चेहरा बदलला आणि हात पुढे आला. "अरे, हे बारा आहेत ना? जळेल तो!"

मी बटण दाबलं.

तो तसाच पेटला. उन्हातसुद्धा दिसत होता. आधी पिवळा, मग पांढरा. मी आकडे मोजत होतो, चौदापर्यंत आलो. मग गेला. काका वाकून काचेत बघू लागले.

"म्हणजे मी दिलेला बरोबर होता," ते म्हणाले.

"हो."

"पेटवला तोच तुला दिला. दुसरा नव्हता."

"नव्हता, काका. ते मी रचून सांगितलं."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं ते ओरडतील. मी त्यासाठीच आलो होतो. ते आत जाऊन मीटर घेऊन आले. तो भंगारात गेला नव्हता. गरम व्हॉल्व्ह गोणपाटाच्या तुकड्याने धरून त्यांनी स्वतः सुया लावल्या, काटा बघितला, पुन्हा लावून बघितला. सगळं सावकाश, कुणालाही न विचारता. मग मीटर बाजूला ठेवून मला विचारलं, "परीक्षा झाली का तुझी?"

"झाली. बुधवारी."

"मार्क?"

"चांगले आहेत."

"म्हणून आज आलास."

मागच्या रविवारी पिशवी माझ्या पायाशी होती हे त्यांनी बघितलं होतं की नाही, मला माहीत नाही. बघितलं नसलं तरी त्यांनी हिशेब बरोबर केला होता. मी खाली बघून हो म्हणालो.

"मुलगा जेवायला येईल दीड वाजता," ते म्हणाले. "थांब तोवर. त्याला तू सांगायचंस. मी नाही सांगणार. आणि गेल्या वेळेसारखं उभ्या उभ्या बोलून मोकळा होऊ नको. त्याने चांगला आहेस म्हटलं तर नाही म्हण. त्याला पटेपर्यंत नाही म्हण."

अजून दोन तास होते. त्यांनी पायाने एक रिकामा क्रेट माझ्याकडे सरकवला. मी खाली बसलो आणि चिकू निवडायला लागलो. मधले आणि बारीक यांतला फरक मला नीट कळत नव्हता. चार-पाच वेळा अंदाजाने टाकले. मग एक हातात धरून विचारलं, "काका, हा कशात?"

त्यांनी बघून सांगितलं, "मधला." एवढंच बोलले. जळलेला व्हॉल्व्ह खुर्चीच्या हातावर ठेवलेला होता. सूनबाई एकदा दाराशी येऊन, आम्हा दोघांकडे बघून आत गेल्या. मी मनात वाक्य जुळवत होतो आणि ते दरवेळी कुठेतरी माझ्या बाजूने झुकत होतं. चुकून झालं, घाबरलो होतो, असं काहीतरी त्यात शिरायचं. ते मी काढून टाकत होतो.

फाटकाशी मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला.

"ऊठ," काका म्हणाले.